ब्रामिंगची खुर्ची

१

सकाळी नऊला तळघरात उतरायचं, थर्मासमधली कॉफी ओतायची, कानांवर हेडफोन चढवायचे आणि दुपारी चारपर्यंत रिकाम्या खोल्या ऐकायच्या. गेल्या मार्चपासून माझं पोट ह्यावर चालतं.

मी यॉर्न. वय सत्तावन्न. चौतीस वर्षं सिनेमाचा साउंड रेकॉर्डिस्ट. शिवाय थापाड्या, दुसऱ्या कुणी सांगण्याआधी मीच सांगून टाकतो. लोलंड बेटावर मी टिपलेली एक गाय स्वीडिश उच्चारात हंबरायची. बर्फ पडण्याचा आवाज मी एकदा इतका हुबेहूब धरला की तो ऐकून शेजाऱ्याच्या मांजराला सर्दी झाली. ह्या गोष्टी मी लग्नांत, बारशांत आणि एका अंत्यविधीतसुद्धा सांगितल्या आहेत. लोक हसतात. हसू देत. पण आता जे सांगतोय ते सांगताना मी हसत नाहीये, आणि मध्येच कुणी हसलं तर माझा हात उठेल.

तळघर कोपनहेगनमधल्या एका चित्रपट-संग्रहालयाचं. काम असं, की एस्किल ब्रामिंगच्या आठही सिनेमांचे आवाज घासूनपुसून साफ करायचे. शरद ऋतूत मोठा महोत्सव होणार होता. वरच्या मजल्यावरून चिठ्ठी आली होती: खरखर काढा, शांततेला हात लावू नका.

ब्रामिंगचा सिनेमा आंधळ्यालाही ओळखू येईल. सपाट मुलखातलं एक बुटकं विटांचं घर. डाव्या खिडकीतून दुधासारखा उजेड. मधोमध एक लाकडी खुर्ची, पाठ आपल्याकडे केलेली. माणसं येतात, हळू आवाजात एकमेकांची कातडी सोलतात, निघून जातात. कॅमेरा मात्र जात नाही. तो त्या रिकाम्या खोलीकडे, खुर्चीच्या पाठीकडे बघत राहतो. एक मिनिट, दोन मिनिटं. शेवटच्या सिनेमात सात. संगीत नाही, हालचाल नाही. तरी थिएटरातून एक माणूस उठत नाही, कारण ती खोली कुणालाच रिकामी वाटत नाही.

ह्या एका गोष्टीवर प्राध्यापकांच्या दोन पिढ्या जगल्या. 'अनुपस्थितीचा महाकवी' काय, 'मौनाचा शिल्पकार' काय! पॅरिसच्या एका बाईने तर नुसत्या त्या खुर्चीच्या पाठीवर चारशे पानं लिहिली. त्या खुर्चीत कोण कोण बसलं होतं, ह्याबद्दल चारशे पानांत एक ओळ नाही. ब्रामिंग तीन वर्षांपूर्वी मेला. मी त्याच्या अंत्यविधीला गेलो नाही. माझा राग त्याच्यापेक्षा जास्त जगेल ह्याची मला खात्री होती.

एका मंगळवारी सकाळी तिसऱ्या सिनेमाचं दुसरं रीळ लावलं. रिकाम्या खोलीचं दृश्य. खरखर खाली आणली, खिडकीवरचा वारा बाजूला केला.

त्या आवाजांखाली कुणीतरी श्वास घेत होतं.

हेडफोन काढले. तळघरात मी एकटा. पुन्हा घातले. श्वास होताच. संथ, वाट बघणारा.

आता ऐका. ते दृश्य घेतलं तेव्हा घरात कुणी नव्हतं. कॅमेरा चालू करून सगळे अंगणात आले होते. मी खिडकीखाली बसून ऐकत होतो आणि आमची नऊ डोकी मी स्वतः मोजली होती. मनाला समजावलं, जुनी चुंबकी पट्टी आहे. गुंडाळून ठेवली की एका थरावरचा आवाज शेजारच्या थरावर उमटतो. मागच्या कुठल्या तरी दृश्यातल्या नटाचा श्वास उमटला असेल. असं होतं. खरंच होतं.

मग त्या श्वासाच्या शेवटी बारीक शीळ वाजली, आणि माझ्या हातातला भाकरीसारखा काळा राय-पाव, त्यावरच्या कलेजीच्या चटणीसकट, माझ्या पायांवर पडला.

ती शीळ मला ठाऊक होती. ती नटी तिसऱ्या सिनेमात नव्हतीच.

२

आमच्या धंद्यातली एक रीत सांगतो. प्रत्येक खोलीला स्वतःचा आवाज असतो. कुणी बोलत नसतानाही असतो. भिंतींचा, कपाटांचा, आत अडकलेल्या हवेचा. त्याला आम्ही रूम टोन म्हणतो. संकलनात संवादांमधली भोकं बुजवायला तो लागतो. म्हणून दृश्य संपलं की रेकॉर्डिस्ट ओरडतो, "टोन घेतोय!" आणि जो जिथे असेल तिथे थिजतो. तोंडात घास असला तरी चावायचा नाही. नाक खाजलं तर खाजू द्यायचं. एक मिनिट. मग रेकॉर्डिस्ट म्हणतो, "झालं. धन्यवाद." तेव्हाच माणसं हलतात. तोवर दिग्दर्शकानेही पापणी मिटायची नाही. सेटवर आम्हाला मिळते ती सत्ता एवढीच.

ज्या म्हाताऱ्याकडे मी काम शिकलो त्याने पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "पोरा, शांतता मागून घेतलीस तर परतही करायची. उधारी ठेवायची नाही."

ब्रामिंगने ती रीत मोडली.

त्याची युक्ती अशी. रिकामं दृश्य घ्यायच्या आधी तो एका नटाला खुर्चीत बसवायचा. मग मी टोन मागायचा. पूर्ण मिनिट. मिनिट झालं की ब्रामिंग माझ्याकडे बोट करायचा: गप्प. मग दोन बोटांनी नटाला उठवायचा, दाराबाहेर काढायचा, आमचीही वरात अंगणात, आणि त्याच शांततेत कॅमेरा चालू. "खुर्ची गरम हवी," तो म्हणायचा. "लोकांना कळलं पाहिजे की आत्ता इथे कुणीतरी होतं."

पहिल्या वेळी सवयीने माझ्या तोंडून "झालं, ध..." एवढं निघालं. तो मोठ्याने कधी बोलायचा नाही. जवळ येऊन माझ्या कानाशी म्हणाला, "यॉर्न, तुझ्या धन्यवादाने माझी खोली फुटते. पुन्हा एकदा."

'पुन्हा एकदा.' हे दोन शब्द सोडले तर त्या माणसाने नटांना कधी काही सांगितलं नाही. बावीस वेळा, तीस वेळा. मऊ आवाजात. चिमटीने पाकळ्या तोडल्यासारखं.

पुढच्या वेळी मी गप्प राहिलो. तेवीस वर्षांचा होतो. सगळे म्हणत होते हा मोठा होणार. मीही त्याच्याबरोबर मोठा होईन असं वाटलं. आज त्या तेवीस वर्षांच्या गाढवाच्या मुस्कटात द्यावीशी वाटते.

३

त्या पहिल्या सिनेमात खुर्चीत बसली होती गुद्रुन होल्क. तीस वर्षांची, खळाळून हसणारी. तिच्या डाव्या नाकपुडीत श्वासाच्या शेवटी बारीक शीळ वाजायची. मायक्रोफोनला ती हमखास सापडायची. मी वैतागायचो आणि ती म्हणायची, "शिळेचे वेगळे पैसे लावू का रे? दोन नटींचं काम करतेय मी."

दृश्यानंतर ती अंगणात माझ्याशेजारी येऊन उभी राहिली. मी कॉफी दिली. तिने कप हातात घेतला आणि कॉफी गार होईपर्यंत नुसता धरून ठेवला. बाकीची दृश्यं तिने नीट केली. समीक्षकांनी 'संयत' म्हणून डोक्यावर घेतलं. त्यानंतर ती कुठेच दिसली नाही.

चार वर्षांनी नाकस्कोव्ह गावी गेलो होतो, तेव्हा तिच्या बहिणीकडे डोकावलो. गुद्रुन खिडकीशी बसली होती. ओळखलं मला. "बरी आहेस?" म्हटलं तर "बरी आहे" म्हणाली.

बहीण मला स्वयंपाकघरात घेऊन गेली. "खाते, पिते, विचारलं तर उत्तर देते. डॉक्टर म्हणतात, आजार नाही. पण एक सांगू, यॉर्न? तिला कंटाळासुद्धा येत नाही. चार वर्षांत एकदाही 'कंटाळा आला' म्हणाली नाही."

निघताना मी गुद्रुनच्या जवळ वाकलो. सवय असते आमच्या कानांना. शीळ नव्हती. श्वास होता की नव्हता तेही मला शपथेवर सांगता येणार नाही. खिडकीची काच तिच्या नाकापासून वीतभर अंतरावर होती, बाहेर गोठणारी थंडी होती, आणि काचेवर वाफेचा ठिपका नव्हता. दहा वर्षांनी ती गेली.

शीळ मी आधीच ऐकली होती. दुसऱ्या सिनेमाच्या संकलनात, रिकाम्या खोलीत. दुसरं घर, दुसरं गाव, दुसरी पट्टी.

मग मी काय केलं? पोलिसांत गेलो? ब्रामिंगचा गळा धरला? दुसऱ्या सिनेमाच्या पार्टीत, तीन ग्लास पोटात गेल्यावर, मी ती गोष्ट करून सांगितली. नाकाने शीळ वाजवून दाखवली. हसून हसून लोक टेबलावर कोसळले. एकटा ब्रामिंग हसला नाही. ग्लास उचलून म्हणाला, "पुन्हा एकदा सांग, यॉर्न."

आणि मी सांगितली. पुढची तीस वर्षं सांगत राहिलो. दर वेळी थोडा मसाला वाढवून. गुद्रुनला कधी पंख फुटले, कधी शिळेची तुतारी झाली. माझ्या आयुष्यातली एकमेव खरी गोष्ट मी टाळ्यांसाठी खर्चून टाकली.

४

तिसऱ्या सिनेमाच्या त्या रिळानंतर मी आठही सिनेमे लावून बसलो. वरच्यांना सांगितलं, खरखर फार आहे.

पहिल्यात एक श्वास. दुसऱ्यात दोन. पुढचं तुम्ही ओळखलंच असेल. गुद्रुनची शीळ. विलाड्स म्हाताऱ्याची पाइपने भाजलेली छाती. थीरा, जी श्वास घेताना जीभ टाळूला लावायची. मोगेन्स. एब्बा. लोने. आगे. सात सिनेमे, खुर्चीत बसलेली सात माणसं. त्या सातांतलं एकही नंतर चमकलं नाही. सगळ्यांबद्दल आपण म्हणायचो, थकले, संपले, ह्या धंद्यात होतं असं.

आठव्या सिनेमात मुख्य नटाने खुर्चीत बसायला साफ नकार दिला होता. शहाणा प्राणी. तेव्हा ब्रामिंग काहीसा हसला आणि स्वतः जाऊन बसला. तिथूनच त्याने मला बोट दाखवलं: गप्प. तोही नंतर थंड होत गेला. सगळे म्हणाले, वय झालं. आठवा श्वास त्याचा होता. घाई नसलेला, मऊ. नटाच्या डोक्यावर बसून वाट बघणारा.

तरी मी तर्क सोडला नाही. सांगून ठेवतो, मी भुताखेतांवर विश्वास ठेवणारा माणूस नाही, ती विकणारा आहे. पट्टीचा दोष म्हटलं. कानाचा दोष म्हटलं. ह्या वयात कानात समुद्र येतो म्हणतात. डॉक्टरकडे गेलो. तो म्हणाला, "कान विशीतल्या पोरासारखे आहेत. हेवा वाटतो." त्याच्यावरही चिडलो.

त्याच शुक्रवारी टिल्डेचा फोन आला. टिल्डे माझी मुलगी. एकोणतीस वर्षांची. एकुलती एक.

"बाबा, खाली बस."

"बसलोच आहे. दिवसभर तेच करतो."

"मला मुख्य भूमिका मिळाली! ब्रामिंगचा नववा. त्याने पटकथा लिहून ठेवली होती ना, तो सिनेमा आता माल्थे राव्न दिग्दर्शित करतोय. लोलंडला, पहिल्याच सिनेमाच्या घरात. आणि शेवटचं दृश्य सांगू? मी खुर्चीत बसते, मग उठून जाते, आणि..."

पुढचं मी ऐकलं नाही. माझ्या हेडफोनमध्ये अजून आठवा सिनेमा चालू होता.

५

दुसऱ्या दिवशी दुपारी ती तळघरात आली. सायकलवरून, गाल लाल, हातात दालचिनी घातलेली गोड पावाची गुंडाळी. तशीच धापा टाकत आली. लहानपणी तिला दमा होता. तिचा एकेक श्वास मी पाठीवर हात ठेवून मोजलेला आहे.

मी सगळं सांगितलं. अगदी सरळ, मसाला न घालता. तिने गुंडाळीचा शेवटचा तुकडा तोंडात टाकला.

"ह्या वेळी गुद्रुनच्या नाकात शीळ आहे की तुतारी? मी सहा वर्षांची असताना तुतारी होती."

"टिल्डे, ही थाप नाहीये."

"गायीच्या वेळीही हेच म्हणाला होतास. शाळेत मी सगळ्यांना सांगितलं, माझ्या बाबांची गाय स्वीडिश बोलते. वर्षभर मला 'गाय' म्हणत होते."

"ऐक तरी." मी हेडफोन तिच्या डोक्यावर चढवले.

तिने डोळे मिटले. एक मिनिट. तिच्या कपाळावर आठी आली. मग तिने डोळे उघडले, आणि तिच्या नजरेत भीती नव्हती, कीव होती.

"हो, आहे श्वास. तुझा आहे, बाबा. चिडलास की तू असाच घेतोस. लहानपणी जिन्यावरूनच ओळखायचे मी, आज घरात काय वाढून ठेवलंय ते."

खरंच, खिडकीखाली मीच बसलेलो असायचो. आठही वेळा. रागावलेला.

"अकरा वर्षं मी जाहिरातींमध्ये दही चाटतेय," ती म्हणाली. आवाज आता चढला होता. "लोक मला दुकानात ओळखतात ते दहीवाली म्हणून. ही एक संधी आहे. तुझी ब्रामिंगशी काय दुश्मनी असेल ती असो. मीच माल्थेला सांगितलं की साउंडला बाबाला घे. पण अट एक आहे. तिथे तू तोंड उघडायचं नाहीस. दृश्य बिघडवलंस तर मी तुझ्याशी पुन्हा बोलणार नाही. ही मात्र थाप नाही."

६

जून. लोलंड. दुपारचे दोन. आकाश इतकं स्वच्छ की चीड यावी. चहूकडे बीटाची हिरवी पानं, लांब बांधावर पवनचक्क्या, वर चंडोल पक्ष्याची अखंड बडबड. भीती वाटावी असं तिथे काहीही नव्हतं आणि मी घामाने निथळत होतो.

माल्थे राव्न चौतीस वर्षांचा. त्या उन्हात अंगावर ब्रामिंगचा जुना कोट, लिलावात घेतलेला.

"यॉर्न, 'धन्यवाद' म्हणायचं नाही. ठाऊक आहेच तुला. ती त्याची शैली."

"ती वाईट सवय होती. तो नाक कोरत असता तर तेही शैली म्हणून कोरलं असतंस."

"बाबा," टिल्डे दातांतून म्हणाली.

खुर्ची तीच. कागदी दोरीने विणलेली बैठक, पाठीवर तीन पट्ट्या. टिल्डे बसली. आम्ही बारा जण भिंतींना लागून उभे राहिलो. मी म्हटलं, "टोन घेतोय."

सगळे थिजले.

हेडफोनमध्ये आधी खोली आली. लाकूड, काच, चुलीच्या धुराड्यातला वारा. मग खोलीत उभ्या बाकी अकरा जणांचे श्वास. ते मी एकेक करून बाजूला ठेवले. तेवढं काम मला येतं. मग टिल्डेचा, आत जाताना किंचित खरखरणारा. तोही बाजूला ठेवला.

त्याखाली आठ.

ह्या वेळी पट्टी नव्हती. कुठलाही थर कशावर उमटत नव्हता. ते आत्ता, तिथे, खुर्चीपासून हातभर अंतरावर चालू होतं. आणि माझा श्वास? माझा मी रोखून धरला होता. छाती फुटेपर्यंत. तरी ते आठ थांबले नाहीत.

मिनिट संपलं. माझी जीभ टाळूवर पोचली. माल्थेने बोट दाखवलं. टिल्डेने माझ्याकडे बघितलं. त्या नजरेत अकरा वर्षांचं दही होतं. मी गप्प राहिलो. सत्तावन्नाव्या वर्षी, सगळं माहीत असून, नवव्यांदा गप्प राहिलो. ब्रामिंगवर चिडायचा हक्क मी तिथेच गमावला, पण चिडायचं थांबलो नाही.

माल्थेने दोन बोटं हलवली. टिल्डे उठली, दाराबाहेर गेली. आम्ही मागोमाग अंगणात. कॅमेरा चालू. रिकामी खोली. मी खिडकीखाली बसलो. पुढ्यात हाताएवढा पडदा, त्यावर खुर्चीची पाठ.

मी मोजले. नऊ.

नववा आत जाताना किंचित खरखरत होता.

मान वर केली. टिल्डे माझ्याशेजारी उभी होती, पवनचक्क्यांकडे बघत. मेकअपवालीने तिच्या हातात कॉफीचा कप दिला होता आणि तिने तो नुसता धरला होता.

"टिल्डे?"

"हं."

"बरी आहेस?"

"बरी आहे."

तिच्या छातीवरचं बटण हलत नव्हतं. मी दहापर्यंत मोजलं. वीसपर्यंत मोजलं. उन्हात चकाकत होतं, एका जागी.

मग मी उठलो. हेडफोन गळ्यात, यंत्र खांद्यावर. दार ढकललं आणि त्या जगप्रसिद्ध रिकाम्या खोलीत, कॅमेऱ्याच्या डोळ्यासमोरून, चिखलाच्या बुटांनी चालत गेलो. मागून माल्थे किंचाळला. खुर्चीला वळसा घालून मी तिच्या पुढ्यात उभा राहिलो. चौतीस वर्षांत तिला समोरून मी त्या दिवशी पहिल्यांदा बघितलं.

खुर्ची रिकामी होती. दोरीची बैठक मात्र खोल दबलेली होती. एका माणसाने दबेल त्याहून खूप खोल. आणि ती विणलेली दोरी कुरकुरत हळूहळू खाली जात होती, वर येत होती. खाली. वर.

बाकी काही दिसलं नाही. एवढं पुरलं.

"टिल्डे," मी म्हणालो. "झालं. धन्यवाद."

कुणीतरी पाण्याखालून वर आल्यासारखा श्वास सुटला. दोरी एक वेढा वर आली.

"गुद्रुन, झालं. धन्यवाद." शीळ वाजली आणि विरली. "विलाड्स. थीरा. मोगेन्स. एब्बा." मला रडू येत होतं आणि त्याचाही राग येत होता. "लोने. आगे. झालं. सगळ्यांना धन्यवाद."

उच्छ्वास गेले. एकामागून एक, खिडकीवरचा पडदा हलवून. मी बैठकीकडे बघितलं. ती अजून दबलेली होती. एका माणसापुरती.

तो वाट बघत होता. नाव घेतलं जाईल म्हणून.

मी तोंड मिटलं. ह्या खेपेला मुद्दाम.

७

अंगणात टिल्डे खोकत होती, ओणवी होऊन, कॉफी सगळी अंगावर. मला बघताच तिने तोंडाचा पट्टा सोडला.

"माझा शॉट! माझा एकुलता एक शॉट! म्हाताऱ्या, खोटारड्या, मत्सरी माणसा! मी आत्ता तर उठले, दारापर्यंतसुद्धा नीट पोचले नव्हते..."

"अंगणात उभी होतीस. पाच मिनिटं."

"पुन्हा थाप!"

दहा मिनिटं ती मला शिव्या देत होती. मी मान खाली घालून ऐकत होतो. दर शिवीआधी एक श्वास, आत जाताना किंचित खरखरणारा. इतकं गोड रेकॉर्डिंग मी जन्मात केलं नाही.

माल्थेने मला हाकललं आणि तोच शॉट ठेवला. बोलणी कापली. रिकाम्या खोलीत एक ढेरपोट्या म्हातारा चिखलाच्या बुटांनी येतो, खुर्चीसमोर उभा राहून ओठ हलवतो आणि रडतो. महोत्सवात लोक उभे राहिले. 'गुरूच्या शैलीला दिलेली थोर थप्पड', असं पॅरिसच्या त्या बाईने लिहिलं. टिल्डेची वाहवा झाली. ती अजून माझ्याशी बोलत नाही. तिच्या आईकडून कळतं की हल्ली तिला फार कंटाळा येतो. मी ते वाक्य तिच्या आईकडून तीनदा वदवून घेतलं.

जुन्या आठ सिनेमांबद्दल मात्र तक्रारी आल्या. साफसफाईत शांतता मेली म्हणे. खोल्या आता नुसत्या रिकाम्या वाटतात, लोक मध्येच उठून जातात. खापर माझ्यावर. फोडा. मी शांततेला हात लावलेला नाही. त्या रिळांत आता कुणी नाही, हे मी ऐकून खात्री केली आहे.

लोलंडचं माझं रेकॉर्डिंग तेवढं मी वर दिलं नाही. त्यात माझी नावं आहेत, एकेकाचं सुटणं आहे. मग माझ्या बुटांचा आवाज दाराकडे जातो. मग खोली. आणि बऱ्याच वेळाने, मायक्रोफोनच्या अगदी जवळ, मऊ आवाजात:

"पुन्हा एकदा."

यंत्राचा दोष असेल. माझी स्वतःची आठवण पट्टीवर उमटली असेल. तर्क माझ्याकडे रगड आहेत.

ह्या सोमवारी नऊला तळघरात उतरलो. कुलूप मीच उघडलं. कॉफी ओतली, हेडफोन घेतले आणि टेकलो, तशी माझी खुर्ची गरम लागली. आत्ताच कुणी उठून गेल्यासारखी. भिंतीतून गरम पाण्याचा नळ जातो, मान्य. मंगळवारी गरम होती. बुधवारी मी नळ बंद करायला लावला. गुरुवारी गरम होती.

ब्रामिंगचं नाव आणि 'झालं, धन्यवाद' हे दोन शब्द म्हटले की तो सुटेल, मला ठाऊक आहे. रोज सकाळी ते जिभेवर येतात. मग मला नाकस्कोव्हची ती काच आठवते, वाफ न धरलेली, आणि अंगणातलं ते न हलणारं बटण.

मी आता उभ्यानेच काम करतो. गुडघे दुखतात.

बसू दे त्याला.